वन्संची शाल आणि डीबगर

भर वैशाखात माझी नणंद शाल घेऊन ऑफिसला जायची. नगरचा उन्हाळा, त्यातून दुष्काळाचं वर्ष, नळाला एक दिवसाआड पाणी, सिटी बसच्या दांड्याला हात लावला तर चटका बसायचा, आणि ही बाई खांद्यावर लोकरी शाल टाकून माझ्या शेजारी बसायची. बसमधली एखादी विचारायची, "बरं नाही का गं तुला?" ती म्हणायची, "छे हो, आमच्या खोलीत फार थंडी वाजते." आमच्या खोलीत! तेवढं ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

भिंगारच्या पुढे लष्करी गाड्यांची तपासणी करणारं एक सरकारी ऑफिस होतं, तिथं आम्ही दोघी नोकरीला होतो. माळावर ट्रक आणि जीपगाड्या पळवायच्या, ब्रेक दाबायचे, मोजमापं घ्यायची. त्या मोजमापांची गणितं आमच्या विभागात व्हायची. मी पाथर्डीची, गणितात एम. एस्सी. झालेली, लग्नाच्या आधीपासून तिथं लागलेली. ती माझ्या मागून आली. आणि जागा निघाल्याचं घरी सांगितलं कुणी? मीच. कर्म माझं!

वयानं ती लहान, नोकरीत लहान. पण आमच्या सासरी रीत अशी, की नणंद कितीही धाकटी असली तरी तिला 'वन्सं' म्हणायचं आणि अहो-जाहो करायचं. ती मात्र मला अगं-तुगं करायची. घरात मी ते चालवून घेतलं असतं. पण तोंडाला सवय लागली की ऑफिसातही तेच निघतं. "वन्सं, तुमचे आकडे झाले का?" असं मी विचारलं, की बाकीची मंडळी फायलीत तोंड खुपसून हसायची. ती तिकडून ओरडायची, "झाले गं वहिनी, जरा दम धर."

अशात आमच्याकडे हैदराबादहून कॉम्प्युटर आला. लोखंडी कपाटाएवढा. त्याला उष्णता सोसत नाही म्हणून त्याच्या खोलीला गार हवेचं यंत्र बसवलं. समोर टेलिटाइप ठेवला, म्हणजे भलामोठा खडखडणारा टाइपरायटर. आपण त्यावर टाइप करायचं, आणि कॉम्प्युटरला काही सांगायचं असलं की तो त्याच कागदावर आपोआप टाइप करणार. टेलिटाइपसमोर एक खुर्ची. एकच.

मोठ्या साहेबांनी आम्हा दोघींना बोलावून सांगितलं, "सध्या आलटून पालटून बसा. दिल्लीचे लोक पाहणीला येतील, तेव्हा कायमचं कोण बसणार ते ठरवू. दुसरीनं आपलं पूर्वीचं काम बघायचं." पूर्वीचं काम म्हणजे पत्र्याच्या खोलीत बसून, हातानं दांडा फिरवायच्या यंत्रावर बेरजा आणि भागाकार. दुपारी त्या यंत्राचा दांडासुद्धा तापायचा. मला ती खुर्ची हवी होती. नुसती गार हवेसाठी नव्हे, खोटं कशाला बोलू, पण गार हवेसाठीही हवी होती.

माझी काम करायची पद्धत कागदावरची. कॉम्प्युटरची भाषा म्हणजे तीन-तीन अक्षरी हुकूम, एकाखाली एक. हे उचल, ते मिळव, तिकडं ठेव, तमक्या जागी उडी मार. मी प्रोग्रॅम लिहिला की पेन्सिल घेऊन बसायचे आणि एकेक हुकूम स्वतः पाळल्यासारखा करत, कॉम्प्युटरच्या पोटातल्या कुठल्या घरात कुठला आकडा गेला ते लिहीत शेवटापर्यंत जायचे. आठवडा जायचा त्यात. पण मग प्रोग्रॅमची भोकं पाडलेली कागदी टेप भरली की तो पहिल्या झटक्यात चालायचा. कुणाला काही दिसायचंच नाही. टेलिटाइप उत्तर टाइप करायचा, साहेब "ठीक आहे" म्हणायचे आणि चहाला जायचे.

वन्संचं सगळं उलटं. सकाळी लिहायला घेतलं की दुपारी टेप तयार. त्यात चुकाच चुका. प्रोग्रॅम चालू केला की कॉम्प्युटर एक तर गप्प बसायचा, नाही तर कागदावर वेडेवाकडे आकडे ओकायचा. कुणाही सभ्य माणसाला लाज वाटली असती. पण ही बाई पदर खोचून, शाल सावरून डीबगरची टेप चढवायची.

कॉम्प्युटरचं काम इतक्या झटक्यात होतं की कुठं बिघडलं ते डोळ्यांना दिसत नाही. डीबगर हा एक वेगळाच प्रोग्रॅम, आपल्या प्रोग्रॅमवर पहारा ठेवणारा. त्याला टेलिटाइपवरून सांगायचं, अमुक हुकुमाशी आलास की थांब. त्याला आम्ही थांबा लावणं म्हणायचो. मग प्रोग्रॅम सोडायचा. त्या जागी आला की तो गपकन उभा राहायचा आणि कागदावर टाइप करायचा, इथं आहे. आता तुम्ही एकेका घरात काय आहे ते विचारा, तो सांगेल. आकडा चुकीचा असला तर तिथल्या तिथं बदला आणि म्हणा, चल पुढे.

वन्सं त्याच्याशी चक्क बोलायच्या. "थांब रे इथं. काय भरलंयस पोटात? अगं बाई! हे कुठून आलं?" बोटं टेलिटाइपवर आणि तोंड चालूच. हळूहळू साहेब मागे येऊन उभे राहायचे, मग ड्रॉइंग विभागातले दोघे-तिघे, मग चहावाला किटली घेऊन. शेवटी ती टाळी वाजवून "सापडला!" म्हणायची आणि सगळ्यांचे चेहरे असे फुलायचे की विचारू नका. साहेब म्हणायचे, "ब्रिलियंट!"

काय ब्रिलियंट? चूक तिनंच केलेली! चुका हिनं करायच्या, हिनंच शोधायच्या, आणि वर कौतुक हिचंच. मी चूकच करत नाही, तर मला कुणी विचारत नाही. हा कुठला न्याय? मी पत्र्याच्या खोलीत दांडा फिरवत असायचे आणि मधूनच तिकडून टाळी ऐकू यायची. माझा दांडा मग उगीचच जोरात फिरायचा.

घरी गेल्यावरही सुटका नव्हती. सासूबाई आल्या आल्या लेकीच्या हातात पाण्याचा तांब्या देऊन विचारायच्या, "आज किती किडं काढलं गं?" डीबगर म्हणजे किडे काढणारा, हे तिनंच त्यांना समजावलं होतं. मग शेजारणींना सांगणं व्हायचं, "आमची पोर लई हुशार हाय. मशिनीतलं किडं निवडती." आमचे हे कोर्टातून आलेले असायचे, तेही पेपरावरून डोकं वर काढून हसायचे. मी म्हटलं, "माझ्या प्रोग्रॅमात किडे नसतातच." सासूबाई म्हणाल्या, "मंग तू दिवसभर तिथं करती काय?"

मी भाकरी थापायला बसले.

दिल्लीचे लोक येणार हे नक्की झालं तेव्हा साहेबांनी दोघींनाही एकेक प्रोग्रॅम दिला. माझा होता ब्रेकचा. ट्रकच्या दहा चाचण्यांची मोजमापं घ्यायची आणि ब्रेक दाबल्यापासून ट्रक किती अंतरात उभा राहतो ते काढायचं. मी नेहमीसारखा कागदावर तपासला, टेप भरली, चालवला. आणि उत्तर आलं असं, की भरधाव ट्रक आमच्या अंगणाएवढ्या जागेत थांबतो.

मी पुन्हा कागदावर तपासला. बरोबर. पुन्हा चालवला. पुन्हा अंगणातच ट्रक. पाहणी दुसऱ्या दिवशी होती. माझी पहिलीच चूक, आणि ती सापडेना. वन्सं दारातून म्हणाल्या, "वहिनी, बघू का मी?" मी म्हटलं, "काही नको, तुम्ही तुमचं बघा." मेले असते तरी तिला दाखवलं नसतं.

जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन बाहेर गेली, तेव्हा मी खोलीत शिरले, दार लोटलं आणि डीबगरची टेप चढवली. ती काय काय टाइप करते ते मी इतके दिवस तिरप्या डोळ्यानं बघत आले होते. पण बघणं वेगळं. मी एक आकडा टाइप केला, टेलिटाइपनं खट्‌कन प्रश्नचिन्ह उमटवलं. दुसरा केला, पुन्हा प्रश्नचिन्ह. त्याला काही समजलं नाही की तो एवढंच करायचा. मग लक्षात आलं, मी आकड्यात आठ घातला होता. आमच्या कॉम्प्युटरला आठ आणि नऊ ठाऊकच नव्हते. त्याची मोजणी सातापर्यंत, आणि सातानंतर तो थेट १० लिहायचा.

तिसऱ्यांदा थांबा लागला. प्रोग्रॅम सोडला, आणि तो थांबला. माझ्यासाठी थांबला! मी विचारलं या घरात काय आहे, त्यानं सांगितलं. त्या घरात काय आहे, तेही सांगितलं. आठ-आठ दिवस मी पेन्सिलीनं कल्पना करत होते ते सगळं तिथं खरोखर घडत होतं आणि मला विचारून घडत होतं. माझ्या अंगावर काटा आला. गार हवेनं असेल, पण मला नाही वाटत. आणि लगेच मनात आलं, हे सुख ही पोरगी रोज भोगतेय! रोज! मग तर मी आणखीच जळले.

दहा मोजमापांची बेरीज व्हायला हवी होती. बेरजेच्या हुकुमावर लावलेला माझा थांबा आठदा लागला आणि प्रोग्रॅम पुढं निघून गेला. तेव्हा डोक्यात उजेड पडला. किती मोजमापं मिळवायची त्या घरात मी १० लिहिलं होतं. कागदावर दर वेळी दहाच वाचलं होतं. पण सातानंतरचं १० म्हणजे आठ. त्याला दहा सांगायचे तर १२ लिहायला हवेत. हे मला चांगलं माहीत होतं, दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी हसले असते, पण दहा लिहायला सांगितल्यावर हात दहाच लिहून गेला.

मी १२ टाइप केलं, पुढे चल म्हटलं, आणि ट्रक ट्रकासारखा थांबला. बाहेर डब्यांची झाकणं वाजत होती. ती यायच्या आत मी दुरुस्त झालेला प्रोग्रॅम तसाच्या तसा नव्या टेपवर उतरवून घेतला, डीबगरची टेप जागेवर ठेवली, आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी दिल्लीचे साहेब आले, तिघं होते, कोट घातलेले. पहिला प्रोग्रॅम माझा. टेप चढवली, चालू केला. टेलिटाइप गप्प. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. टेलिटाइप गप्पच.

वन्सं माझ्या कानाशी लागल्या. "वहिनी, थांबा काढला होतास का?"

नव्हता काढला! थांबा लावणं म्हणजे काय, तर त्या जागचा आपला हुकूम काढून डीबगर तिथं स्वतःचा हुकूम घालतो. टेप उतरवण्याआधी थांबे काढून टाकायचे असतात, तेव्हा आपला हुकूम परत जागेवर येतो. मी घाईत तसाच प्रोग्रॅम उतरवला होता. आता कॉम्प्युटर त्या जागी येऊन डीबगरकडे उडी मारत होता, आणि आज डीबगर आत नव्हताच.

मी नुसती मान हलवली. तिनं एका क्षणात शाल खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि कोटवाल्यांकडे वळून म्हणाली, "सर, आता मुद्दाम मध्येच थांबवून आत काय चाललंय ते दाखवते." डीबगर चढवला, माझा प्रोग्रॅम पुन्हा सोडला. तो थांब्यावर उभा राहिला. हळूच मला म्हणाली, "इथं काय होतं?" माझे सगळे हुकूम मला पाठ होते. मी सांगितला, तिनं तो जागेवर घातला, आणि मग प्रत्येक फेरीला बेरीज कशी वाढते ते दाखवत, हसत-बोलत प्रोग्रॅम शेवटाला नेला. उत्तर बिनचूक आलं. तिघंही कोटवाले खुर्चीभोवती वाकले होते. मी भिंतीला टेकून उभी.

थोरल्या कोटवाल्यानं विचारलं, "प्रोग्रॅम कुणी लिहिला?"

"वहिनीनं," ती म्हणाली. खोटं बोलली नाही.

"छान. मग ह्या लिहितील, तुम्ही चालवा."

झालं. माझी अब्रू राखली तिनं, आणि त्याच हातानं खुर्ची नेली. तिचे आभार मानावेत की तिच्या झिंज्या उपटाव्यात हे मला त्या दिवशी कळेना. बसमध्ये ती म्हणाली, "वहिनी, तुझा प्रोग्रॅम होता म्हणून निभावलं."

पण मीही पाथर्डीची. मनात म्हटलं, मी लिहायचं आणि तुम्ही चालवायचं ना? ठीक आहे. इतके चोख प्रोग्रॅम लिहीन की डीबगरची टेप पेटीतून बाहेर काढायची पाळी येणार नाही. आणि तसं केलं. पूर्वी एकदा तपासायचे, आता तीनदा तपासू लागले. प्रत्येक दहाकडे संशयानं बघायचे. थांबे नाहीत, टाळ्या नाहीत, मागे गर्दी नाही. वन्संनी टेप चढवायची, कळ दाबायची, उत्तर घ्यायचं. साहेब "ठीक आहे" म्हणून चहाला जायचे.

पहिले काही आठवडे ती खुशीत होती. मग खुर्चीत बसून स्वेटर विणायला लागली. मग एक दिवस पत्र्याच्या खोलीत आली, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "वहिनी, एखादी तरी चूक ठेव की गं. नुसती कळ दाबून कंटाळा आला."

मी म्हटलं, "वन्सं, सरकारी काम आहे. चुका कशा ठेवायच्या?" आणि दांडा फिरवला. इतका हलका तो कधीच फिरला नव्हता. डीबगरला मलाही हात लावता येत नव्हता, हे खरं. त्या एका दुपारची आठवण आली की बोटं शिवशिवायची. पण मला नाही तर नाही, तिलाही नाही, यात मला जे समाधान होतं ते कुठल्या गार खोलीत मिळालं नसतं.

पुढच्या पावसाळ्यानं जरा हात दिला आणि दुष्काळामुळं अडलेली लग्नं उरकायला लागली. वन्संचं नेवाशाला ठरलं. मुलगा तिथंच शाळेत मास्तर होता, त्याच शाळेत तिला गणित शिकवायला घेणार होते. म्हणजे खुर्ची माझी. मी घरी सगळ्यांत जास्त कामं केली त्या लग्नात. सासूबाईसुद्धा म्हणाल्या, "सुनंनं जीव लावला पोरीला."

तिचा ऑफिसातला शेवटचा दिवस आला. आहेराची साडी तर घेतलीच होती. पण आदल्या दिवशी प्रोग्रॅम लिहिताना काय वाटलं कुणास ठाऊक, मी त्यात मुद्दाम एक चूक ठेवली. सोपी नव्हे. शेवटचं मोजमाप बेरजेतून गळेल अशी, एका उडीत लपवलेली. म्हटलं, घ्या वन्सं, खेळा शेवटचं. आणि खरं सांगू? संध्याकाळपर्यंत सापडणार नाही, अशीही माझी खात्री होती.

तिनं प्रोग्रॅम चालवला, उत्तर चुकलं, आणि तिचा चेहरा असा उजळला! "वहिनी!" म्हणून ओरडलीच. पदर खोचला, डीबगर चढवला. "थांब रे इथं. काय भरलंयस पोटात?" पुन्हा साहेब आले, ड्रॉइंगवाले आले, चहावाला आला. या वेळी मीही जाऊन मागे उभी राहिले. पण तिचं बोलणं ऐकवेना, म्हणून परत माझ्या खोलीत येऊन बसले.

चहाच्या आधीच टाळी ऐकू आली. मी म्हटलं, गेली माझी उडी. थोड्या वेळानं दुसरी टाळी. मी मनात म्हटलं, आता कसली?

ती टेलिटाइपचा लांब कागद फाडून घेऊन पत्र्याच्या खोलीत आली. डोळ्यांत पाणी. "वहिनी, उडी लगेच सापडली. पण दुसरी काय लपवलीस गं! सहज वेगाच्या घरात शून्य घालून बघितलं. गाडी मुळात उभीच असली तर काय, म्हटलं. तर तुझा भागाकार फिरतच बसला, संपेचना."

मी कागद हातात घेतला. पुन्हा पुन्हा वजा करत भागाकार करायचा तो तुकडा मी पहिल्या ब्रेकच्या प्रोग्रॅमात लिहिला होता, आणि तेव्हापासून प्रत्येक चोख प्रोग्रॅमात तसाच उतरवत आले होते. माळावर उभ्या गाडीची चाचणी कुणी घेत नाही, म्हणून तो कधी अडला नव्हता.

वन्संनी मला मिठी मारली. शालीसकट, त्या पत्र्याखाली, घामाघूम. "दोन-दोन चुका ठेवल्यास माझ्यासाठी! दोन्ही सापडल्या गं वहिनी!"

मी म्हटलं, "तुमच्यासाठीच ठेवल्या होत्या, वन्सं."

एकच ठेवली होती मी.